हुलकावणीचे मोल : बचावात्मक मुष्टियोद्ध्याची थोरवी कशी जोखावी

मुंबईत खो-खो पाहत वाढलेल्या माणसाला संरक्षणाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अमुक खेळाडूने अडीच मिनिटे संरक्षण केले असे छापून येते, आणि त्या अडीच मिनिटांत किती हुलकावण्या व किती अचूक पावले खर्ची पडली असतील याचा अंदाज वाचणाऱ्याला आपोआप येतो. तो गडी नुसता पळत होता, असे कोणी म्हणत नाही. हाच प्रेक्षक मुष्टियुद्ध पाहायला बसला की मात्र त्याची नजर बदलते. ठोसा मारणारा त्याला योद्धा वाटतो आणि ठोसा चुकवणारा पळपुटा वाटतो. मीही बरीच वर्षे याच मताचा होतो. ते मत लढती नीट पाहू लागल्यावर बदलले, म्हणून हा लेख नव्याने मुष्टियुद्ध पाहू लागलेल्यांसाठी लिहीत आहे. ज्याचे मुख्य शस्त्र मार न खाणे हे आहे, अशा मुष्टियोद्ध्याला सार्वकालिक श्रेष्ठांच्या पंक्तीत बसवावे की नाही, हा प्रश्न आपला आपण कसा सोडवावा, त्याची वाट येथे पायरीपायरीने दिली आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला अटी आहेत आणि त्या अटी वाटेत येतीलच. एक खुलासा आधीच करतो : या लेखात ‘पंच’ म्हणजे रिंगबाहेर बसून गुण देणारे तिघे, ठोशाला सर्वत्र ठोसाच म्हटले आहे.

पहिली पायरी : बचाव कशाला म्हणायचे ते ठरवणे

बचाव हा एकच प्रकार नाही, आणि सगळे प्रकार एका मोलाचे नाहीत. सर्वांत सोपा प्रकार अंतराचा : प्रतिस्पर्ध्याचा हात पोहोचणार नाही इतके लांब राहायचे. त्याच्या पुढचा प्रकार पावलांचा : समोरचा चालून आला की कोन बदलून त्याच्या कुशीला जायचे, म्हणजे ठोसा मारण्यापूर्वी त्याला वळावे लागते. मग हातांचा बचाव येतो. ठोसा ग्लोव्हवर किंवा कोपरावर झेलायचा, अथवा तळहाताने हलकेच बाजूला सारायचा. डोक्याचा आणि कमरेचा बचाव, ज्याला आपण झुकांडी देणे म्हणतो, तो सर्वांत देखणा आणि सर्वांत धोक्याचा आहे, कारण त्यात चूक झाली तर मध्ये हात नसतो. मिठी मारून प्रतिस्पर्ध्याचे हात बांधून ठेवणे हाही बचावच आहे. तो उपयोगी असतो, पण वारंवार वापरला तर लढत मारून टाकतो, आणि त्यासाठी मी कोणाला मोठेपणा देणार नाही.

खांद्याचा बचाव मात्र नवख्याने नीट समजून घ्यावा, कारण अमेरिकेचा अपराजित मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर याचे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे. या पवित्र्यात डावा खांदा उचलून हनुवटी झाकलेली असते, डावा हात पोटावर आडवा असतो आणि उजवा ग्लोव्ह गालाशी असतो. समोरच्याचा उजवा ठोसा आला की शरीर किंचित उजवीकडे वळते आणि ठोसा खांद्यावरून घसरून जातो. त्या वळण्यातच स्वतःचा उजवा हात ताणल्या धनुष्यासारखा सज्ज होतो, आणि ज्याने ठोसा टाकला त्याचा चेहरा त्या क्षणी उघडा असतो. म्हणजे बचावाची हालचाल आणि हल्ल्याची तयारी ही एकच हालचाल आहे. येथेच पहिली कसोटी हाती लागते : चुकवल्यानंतर माणूस उलट मारता येईल अशा जागी उरतो का? लांब पळून चुकवणारा ठोशापासून वाचतो, पण त्याच्या हातूनही काही घडत नाही. जागेवर राहून चुकवणारा प्रतिस्पर्ध्याकडून त्या चुकलेल्या ठोशाची किंमत वसूल करतो. बचावात्मक शैलीतले थोर मुष्टियोद्धे जवळपास सगळे या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

हे केवळ वाचून कळत नाही, म्हणून एक प्रयोग सुचवतो. तरुणपणी मी काही महिने परळच्या एका व्यायामशाळेत जात असे. तेथे खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत खांद्याच्या उंचीवर दोरी बांधलेली असे, आणि त्या दोरीखालून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुकत पुढे जायचे असे. पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, आणि नजर समोरून हलू द्यायची नाही. मुष्टियुद्धातली एक फेरी तीन मिनिटांची असते. त्या तीन मिनिटांत माझ्या मांड्या भरून येत आणि शेवटच्या मिनिटात मी हटकून पाठीतून वाकू लागे. घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी असेल, तर ती खाली बांधून हा प्रयोग कोणालाही करता येईल. अशा बारा फेऱ्या, तेही समोरचा माणूस मारत असताना, ही कल्पना एकदा अंगात मुरली की ‘तो नुसता चुकवत होता’ हे वाक्य तोंडातून निघणे अवघड होते.

दुसरी पायरी : नजर कुठे ठेवायची

लोकलमध्ये उभे राहून मोबाइलच्या पडद्यावर बचावात्मक लढत पाहू नये. त्या आकारात ग्लोव्ह दिसतात, पावले दिसत नाहीत, आणि या शैलीची निम्मी गोष्ट पावलांत असते. घरी मोठ्या पडद्यावर, संपूर्ण रिंग दिसेल अशा चित्रणात लढत पाहावी आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवावा. आवाजाचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. घरच्या मैदानावरच्या मुष्टियोद्ध्याने कोपरावर मारलेल्या ठोशालाही हजारो लोक ओरडतात, समालोचकाचा सूर चढतो आणि आपल्या मनात ठोसा लागल्याची नोंद होते. आवाज नसला की डोळ्यांना स्वतःचे काम करावे लागते.

त्यानंतर एकाच लढतीतल्या चार फेऱ्या निवडून त्या तीनदा पाहाव्यात. पहिल्या वेळी केवळ बचाव करणाऱ्याच्या पायांकडे पाहावे : तो सरळ रेषेत मागे जातो की बाजूला सरकतो, दोराला पाठ लागण्याआधी वळतो की लागल्यावर. दुसऱ्या वेळी हल्ला करणाऱ्याच्या खांद्यांकडे पाहावे. चांगला बचाव समोरच्याला थकवतो, पण त्याआधी तो त्याला घुटमळायला लावतो. खांदा हलतो, ठोसा निघत नाही, हात परत येतो. हे न निघालेले ठोसे कोणत्याही आकडेवारीत मोजले जात नाहीत, आणि माझ्या मते बचावाचे सर्वांत मोठे यश तेच आहे. तिसऱ्या वेळी कागद घेऊन हल्ला करणाऱ्याच्या प्रत्येक ठोशाची रेघ मारावी; लागलेल्यांसाठी एक रकाना आणि हवेत, हातावर अथवा खांद्यावर गेलेल्यांसाठी दुसरा. दुसरा रकाना भरत जाताना पाहणे, हाच या शैलीचा खरा परिचय आहे.

तिसरी पायरी : स्वतः गुण देणे

व्यावसायिक मुष्टियुद्धात फेरी जिंकणाऱ्याला १० गुण मिळतात आणि हरणाऱ्याला बहुधा ९. एकदा खाली पडलेल्याला बहुधा ८. फेरी कोणाची, हे ठरवण्यासाठी परंपरेने चार निकष सांगितले जातात : स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमकता, रिंगवरचे नियंत्रण आणि बचाव. नवख्या माणसाची नजर दुसऱ्या निकषातल्या ‘आक्रमकता’ या शब्दावर अडते आणि ‘परिणामकारक’ हा शब्द निसटतो. पुढे चालून येणे ही आक्रमकता झाली. पुढे येऊन लागणारा ठोसा मारणे ही परिणामकारक आक्रमकता. बारा फेऱ्या चालून येणारा आणि बारा फेऱ्या चुकणारा माणूस या निकषावर काहीच कमावत नाही. उलट, दोघांत लढत कोणत्या अंतरावर आणि कोणत्या गतीने व्हावी हे जो ठरवतो, तो मागे सरकत असला तरी रिंगवरचे नियंत्रण त्याचेच असते.

बचावाच्या बाजूने बोलतानाही एक मर्यादा मान्य करावी लागते. फक्त चुकवून फेरी जिंकता येत नाही. अमेरिकेच्या विली पेपने १९४६ साली एकही ठोसा न मारता एक फेरी जिंकली, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. कथा सुंदर आहे, पण ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. पेपचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी तिची गरज नाही, आणि ती खरी मानली तर गुणांची पद्धत समजण्यात नवख्याची फसगत होते. बचाव हा चौथा निकष आहे. तो एकटा क्वचितच फेरी मिळवून देतो, मात्र उरलेल्या तिन्ही निकषांना तो आधार देतो.

एका फेरीचे वजन किती असते, याचे उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला दहा फेऱ्यांच्या लढतीत हरवले. तिन्ही पंचांनी विजेंदरलाच कौल दिला, पण दोघांच्या कागदावर तो ९५-९४ असा, म्हणजे एकाच गुणाच्या फरकाने होता. एखादी फेरी चालून येणाऱ्याला दिली की चुकवून मारणाऱ्याला, एवढ्यावर संपूर्ण लढतीचा निकाल फिरू शकतो. म्हणून ‘बचाव कंटाळवाणा वाटतो’ ही भावना कागदावर उतरू न देणे ही गुण देणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, मग तो अधिकृत पंच असो वा घरी बसलेला प्रेक्षक. मी स्वतः एका स्थानिक स्पर्धेत एका शांत, डावखुऱ्या मुलाला प्रत्येक फेरीत समोरच्याला चुकवून स्वच्छ ठोसे मारताना आणि तरीही हरताना पाहिले आहे. तो मुलगा पुन्हा स्पर्धेला उतरला नाही, आणि ती सल माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

चौथी पायरी : एक लढत मुळापासून पाहणे

अनेक लढती वरवर पाहण्यापेक्षा सुरुवातीला एकच लढत पुरेशी आहे, आणि ती पर्नेल व्हिटेकर विरुद्ध हुलिओ सेझार चावेझ ही असावी. १० सप्टेंबर १९९३ रोजी ती टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात, अलामोडोममध्ये झाली. मेक्सिकोचा चावेझ तोपर्यंत ८७ लढतींत अपराजित होता, आणि प्रेक्षागृहात बहुसंख्येने त्याचेच चाहते होते. व्हिटेकर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता, डावखुरा, आणि वेल्टरवेट गटाचा विजेता होता. चावेझची पद्धत सर्वांना ठाऊक होती : अंतर कमी करायचे, बरगड्यांखाली मारत राहायचे आणि समोरच्याचे पाय जड झाले की संपवायचे. त्या पद्धतीने त्याने फार चांगल्या चांगल्या मुष्टियोद्ध्यांना मोडले होते.

सुरुवातीच्या काही फेऱ्यांत चावेझला बरे यश मिळते, आणि ते प्रामाणिकपणे त्याच्या रकान्यात लिहावे. नंतर व्हिटेकरच्या पुढच्या पायाकडे पाहावे. डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. ही जागेची लढाई व्हिटेकर फेरीमागून फेरी जिंकत जातो. तो लांब पळत नाही. गुडघ्यांत वाकून तो चावेझच्या ठोशाखाली जातो आणि तेथून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, व डावा ठोसा लावतो. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट उत्तरार्धात दिसते : जवळून मारणे हे ज्याचे घर, त्या चावेझला व्हिटेकर जवळच्या अंतरावरही निष्प्रभ करतो. चावेझच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही, संभ्रम दिसतो.

निकाल बहुमताने बरोबरीचा लागला. एका पंचाने व्हिटेकरला ११५-११३ अशी आघाडी दिली, उरलेल्या दोघांनी ११५-११५ अशी बरोबरी दाखवली. हा निकाल मुष्टियुद्धाच्या इतिहासातल्या सर्वांत चुकीच्या निकालांपैकी एक मानला जातो, आणि माझ्या कागदावरही व्हिटेकर स्पष्टपणे पुढे आहे. चावेझच्या नावावरचा पहिला अधिकृत पराभव पुढच्या जानेवारीत फ्रँकी रँडलकडून झाला. व्हिटेकरच्या वाट्याला असे यापूर्वीही आले होते. १९८८ मध्ये पॅरिसला होसे लुइस रामिरेझविरुद्धचा निकाल त्याच्या विरोधात गेला होता, आणि पुढल्या वर्षी त्याने त्याच रामिरेझला निर्विवाद हरवले.

ही लढत निवडण्यामागे माझे कारण असे, की मुख्य प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. सार्वकालिक श्रेष्ठ कोण, याचा एक अर्थ असा होतो की आपल्या काळातल्या अतिशय मोठ्या खेळाडूकडून त्याची सर्वांत मोठी ताकद ज्याने काढून घेतली तो. ते काम ठोशाने केले की झुकांडीने, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

पाचवी पायरी : नावापुढे प्रश्न मांडणे

आता एकेक नाव घेऊन त्याच्यापुढे काही प्रश्न मांडावेत. तो कोणाविरुद्ध लढला? ती माणसे त्या वेळी ऐन भरात होती का? बचाव मोडला तेव्हा त्याने काय केले? किती वर्षे आणि किती वजनगटांत तो टिकला? या प्रश्नांना सारखे गुण देऊन बेरीज करू नये. पहिला आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत जड वाटतात.

विली पेप या प्रश्नांना सर्वांत भक्कमपणे सामोरा जातो. त्याने २२९ लढती जिंकल्या आणि ११ हरल्या. १९४२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी तो फेदरवेट गटाचा विजेता झाला. जानेवारी १९४७ मध्ये विमान अपघातात त्याची पाठ आणि पाय मोडले, आणि त्याच वर्षी तो रिंगमध्ये परतला. ज्याचे सगळे भांडवल पायांत होते त्याने मोडलेल्या पायानंतर पुन्हा जिंकायला लागणे, ही गोष्ट मला त्याच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. ऑक्टोबर १९४८ मध्ये उंच आणि जबरदस्त ताकदीच्या सँडी सॅडलरने त्याला चौथ्या फेरीत बाद केले. बचाव मोडला तेव्हा त्याने काय केले, याचे उत्तर ११ फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिळाले : चेहरा फाटलेला असताना पंधरा फेऱ्या लढून त्याने विजेतेपद परत मिळवले. पुढच्या दोन्ही लढती सॅडलरने जिंकल्या, आणि त्या पेपच्या विरोधात मोजल्याच पाहिजेत. तरीही सर्व वजनगटांतल्या पहिल्या वीस नावांत मी त्याला निःशंकपणे ठेवतो. व्हिटेकरलाही तेथेच ठेवतो. लाइटवेटपासून लाइट मिडलवेटपर्यंत चार गटांत त्याने विजेतेपद मिळवले, आणि अझुमा नेल्सन व बडी मॅकगर्ट यांच्यासारख्या माणसांना हरवले.

मेवेदरचे नाव आले की चर्चा तापते. ५० लढती, ५० विजय, पाच वजनगटांत विजेतेपद. या आकड्याने नवख्याने दिपून जाऊ नये, आणि त्याच्याविषयीच्या नावडीने आंधळेही होऊ नये. पन्नासावी लढत २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगरविरुद्ध होती, आणि मॅकग्रेगरची ती व्यावसायिक मुष्टियुद्धातली पहिलीच लढत होती. तो विजय तोलताना बाजूला ठेवावा. मॅनी पॅकियाओविरुद्धची लढत २ मे २०१५ रोजी झाली तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा आणि पॅकियाओ ३६ वर्षांचा होता. ती काही वर्षे आधी व्हायला हवी होती. तरीही त्या रात्री पॅकियाओने टाकलेल्या ४२९ ठोशांपैकी ८१ च लागले, अशी मोजणी झाली. आपल्या पिढीतल्या अत्यंत वेगवान हातांना पाचातले चार ठोसे चुकायला लावणे, हे पळून साधत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याने तरुण आणि अंगाने मोठ्या कनेलो आल्वारेझला हरवले. ती लढत मी पॅकियाओच्या लढतीपेक्षा वरची मानतो, कारण तेथे तो बराच वेळ अंतराच्या आत उभा आहे. २०१० मध्ये शेन मोझलीने दुसऱ्या फेरीत त्याला जबर हादरवले होते. त्यानंतर मेवेदर मागे हटला नाही, पुढे चालून गेला आणि उरलेली लढत त्याने जिंकली. तिसऱ्या प्रश्नाचे त्याचे उत्तर ते आहे. माझ्या यादीत तो पेप आणि व्हिटेकरच्या थोडा खाली बसतो, कारण काही प्रतिस्पर्धी त्याने त्यांचा उतार सुरू झाल्यावर निवडले असे मला वाटते.

अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे याला त्याचे लोक ‘अस्पर्श्य’ या अर्थाच्या शब्दाने ओळखत. आपल्याकडे त्या शब्दाला वेगळा आणि वेदनादायक इतिहास आहे, म्हणून मी त्याला ‘हाती न लागणारा’ म्हणतो. ११७ विजयांपैकी केवळ १४ बाद करून मिळवलेले. १२ डिसेंबर १९६८ रोजी टोकियोत त्याने पॉल फुजीला त्याच्याच प्रेक्षकांसमोर असे चुकवत नेले, की चेहरा सुजलेला फुजी दहाव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही. त्या लढतीचे चित्रण प्रत्येक नवख्याने पाहावे. दोराला टेकून, हात खाली सोडून केवळ डोके हलवणारा माणूस पाहताना श्वास रोखला जातो. मात्र सार्वकालिक क्रमवारीत मी त्याला पहिल्या पन्नासात आणत नाही. कला अपूर्व असली तरी त्याने हरवलेल्या मोठ्या नावांची यादी आखूड आहे. क्यूबाच्या गिलेर्मो रिगाँडोबद्दलही हेच. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, आणि एप्रिल २०१३ मध्ये ऐन भरातल्या नोनितो डोनेरवर मिळवलेला विजय ही बचावाची शाळाच आहे. पण व्यावसायिक कारकिर्दीत तशा दर्जाच्या रात्री फार थोड्या आल्या, आणि २०१७ मध्ये दोन वजनगट वर जाऊन युक्रेनच्या वासिल लोमाचेंकोशी लढताना तो सहा फेऱ्यांनंतर स्टुलावरच थांबला. बचाव किती शुद्ध आहे यावर क्रम लावला तर तो फार वर जाईल. कारकिर्दीवर लावला तर नाही, आणि क्रम कारकिर्दीवरच लावायचा असतो.

आक्षेपांना उत्तर देताना

‘लोक पैसे मारामारी पाहायला देतात’ हा आक्षेप सर्वांत जुना आहे. करमणूक किती झाली आणि श्रेष्ठ कोण, हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते एकाच वहीत लिहिले की दोन्ही चुकतात. शिवाय इतिहास या आक्षेपाच्या बाजूने उभा राहत नाही. ग्लोव्ह घालून, क्वीन्सबेरी नियमांनुसार (आजच्या मुष्टियुद्धाचा पाया असलेल्या नियमांनुसार) खेळलेल्या हेवीवेट विजेतेपदाच्या पहिल्या मोठ्या लढतीत, ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे, जिम कॉर्बेटने जॉन सुलिव्हनला हरवले. सुलिव्हन आपल्या काळातला सर्वांत धसका घ्यावा असा मारणारा होता. बँकेत कारकुनी केलेल्या कॉर्बेटने त्याला वीस फेऱ्या चुकवत थकवले आणि एकविसाव्या फेरीत बाद केले. आधुनिक मुष्टियुद्धाची सुरुवातच बचावाच्या विजयाने झालेली आहे. १९०८ मध्ये सिडनीत पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झालेला जॅक जॉन्सनही ठोसे झेलण्यात आणि हात अडकवण्यात निष्णात होता.

‘बचावात्मक’ हे विशेषण आपण कोणाला लावतो, याकडेही लक्ष द्यावे. १९६० च्या दशकातला मुहम्मद अली हात खाली ठेवून, मागे झुकून ठोसे चुकवत असे. १९७४ मध्ये किन्शासात त्याने दोराला टेकून जॉर्ज फोरमनला थकवले. त्याला बचावात्मक मुष्टियोद्धा असे कोणी म्हणत नाही, कारण शेवटी समोरचा खाली पडला. याचा अर्थ असा, की हे विशेषण आपण बचाव करणाऱ्यांना लावत नाही. बचाव करणाऱ्यांपैकी ज्यांच्या ठोशात समोरच्याला झोपवण्याची ताकद कमी आहे, त्यांना लावतो. हे एकदा लक्षात आले की मूळ प्रश्नाचे स्वरूपच बदलते. ठोशात ताकद कमी असूनही जो जगातल्या उत्तम माणसांना हरवत राहिला, त्याचे काम ताकद असलेल्यापेक्षा अवघड होते. त्याला एका ठोशाने चूक भरून काढण्याची सोय नव्हती. छत्तीस मिनिटे अचूक राहणे हाच त्याचा मार्ग होता.

शरीराचा प्रश्न मला टाळता येत नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाच्या डुक कू किमचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. ज्या खेळात डोक्याला बसणारा प्रत्येक ठोसा हिशेबात जमा होत राहतो, तेथे मार न खाण्याची विद्या ही दुय्यम कशी असेल? पण येथेही सरळ निष्कर्ष काढता येत नाही. पोर्तो रिकोचा विल्फ्रेड बेनिटेझ १९७६ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेता झाला, आणि ठोसा येण्याआधीच त्याला कळतो म्हणून लोक त्याला ‘रडार’ म्हणत. १९८२ मध्ये त्याने रॉबर्तो दुरानला हरवले. नंतर त्याची कारकीर्द फार लवकर उतरली आणि पुढे मेंदूच्या आजाराने त्याला पूर्णपणे परावलंबी केले. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा बचाव प्रामुख्याने डोळ्यांच्या आणि कमरेच्या चपळाईवर उभा होता. ती चपळाई ओसरली आणि सराव कमी पडला, तेव्हा तो ज्या अंतरावर उभा राहत असे तेच अंतर त्याच्यावर उलटले. पावलांचा आणि पवित्र्याचा बचाव त्या मानाने उशिरा म्हातारा होतो. म्हणून एखाद्याचा बचाव कशाचा बनलेला आहे, हे पहिल्या पायरीत शिकून घेण्याचा मी आग्रह धरला.

कामाला लागताना

पहिल्या महिन्यात व्हिटेकर-चावेझ लढत पूर्ण, बारा फेऱ्यांचे गुण स्वतः देत पाहावी. दुसऱ्या महिन्यात लोचे-फुजी, बेनिटेझ-दुरान आणि रिगाँडो-डोनेर पाहाव्यात. यांपैकी शेवटच्या लढतीत दहाव्या फेरीत रिगाँडो खाली पडतो, तेव्हा त्या फेरीचे गुण मनातली आवड बाजूला ठेवून द्यावेत. मेवेदरच्या लढती त्यानंतर पाहाव्यात, कारण त्याच्याविषयी मत आधीच तयार असते आणि ते पुसायला सरावलेली नजर लागते. पेपची दुसरी सॅडलर लढत सर्वांत शेवटी ठेवावी. चित्रण जुने आहे, पण तोपर्यंत पाय वाचता येऊ लागलेले असतात. प्रत्येक लढतीच्या कागदावर तारीख घालावी. सहा महिन्यांनी व्हिटेकर-चावेझ पुन्हा लावावी, नव्या कागदावर गुण द्यावेत आणि मगच जुना कागद काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. माझ्या दोन कागदांत तीन फेऱ्यांचा फरक पडला होता, आणि त्या तिन्ही फेऱ्यांत मी पहिल्या वेळी चावेझचे ग्लोव्ह पाहत होतो.